वीज इकडे, भंगार तिकडे

आगमनकाळ सुरू झाला की आमच्याकडे, समुद्राकाठच्या अनेक धर्मग्रामांत, मिस्सा संपल्यावर एक सूचना वाचली जाते. घरात वापराविना पडलेले संगणक, मोबाइल, टॅब, इन्व्हर्टर, सौरकंदील अशा वस्तू आणून द्याव्यात, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील आदिवासी मुलांना पाठवल्या जातील, अशा आशयाची ती सूचना असते. आमचे लोक हात आखडणारे नव्हेत. दोन रविवारांत सभागृहाची पडवी भरून जाते, तिसऱ्या आठवड्यात टेम्पो निघतो, त्याच्यासमोर कार्यकर्त्यांचा फोटो काढला जातो आणि नाताळ समाधानात पार पडतो. ही सूचना आम्हीही वाचली आहे. एका वर्षी तर तिचा मसुदा आमच्याच हातचा होता. तेव्हा पुढे जे कठोर लिहिणार आहोत ते प्रथम स्वतःच्या पदरात घालूनच लिहीत आहोत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आमचे म्हणणे असे की याला दान म्हणणे आता थांबवावे. ही आमच्या माळ्यावरच्या केराची विल्हेवाट आहे आणि तिच्यावर आम्ही दानाची चिठ्ठी चिकटवीत आलो आहोत.

२०२३ च्या जूनमध्ये, पाऊस लागण्यापूर्वी, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील धर्मभगिनींच्या एका वसतिगृहात आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. २०२१ साली शाळा बंद होत्या आणि शिक्षण मोबाइलवर चालले होते, तेव्हा आमच्या टेम्पोतील बहुतेक सामान याच वसतिगृहात उतरले होते. ते कसे चालले आहे ते पाहावे, जमल्यास मुली संगणकावर बसलेल्या असे एखादे छायाचित्र घ्यावे, असा आमचा हेतू. सिस्टरांनी विषय दोनदा टाळला. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी किल्ली आणली आणि धानाच्या कोठीशेजारची खोली उघडली. चौदा संगणक, त्यांतील सहांचे पडदे जुन्या, पेटीसारख्या घडणीचे, नऊ लॅपटॉप, एका पिंपात तीसेक मोबाइल, बारा सौरकंदील, बॅटरीविना आलेले दोन इन्व्हर्टर. सारे पुसून, जुन्या चादरींखाली नीट झाकून ठेवलेले. त्यांपैकी चालू स्थितीत दोन लॅपटॉप, तेही वायर लावलेली असेपर्यंतच, आणि एक कंदील.

"फेकायचे तर तुम्हाला वाईट वाटेल भाऊ, आणि ठेवायचे तर पोत्यांना जागा नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. आम्हाला तेच अधिक लागले.

हे सारे बंद का पडले याची चौकशी आम्ही तेथेच केली. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण सिस्टरांनी बोलावून घेतला होता. त्याने एकेक वस्तू उघडून दाखवली. आमची समजूत अशी होती की जंगलातल्या लोकांना यंत्रे हाताळता येत नाहीत म्हणून ती बिघडतात. ही समजूत किती खोटी आणि किती उद्धट आहे हे त्या दुपारी कळले. सौरकंदिलांचेच पाहा. ते जुन्या पद्धतीचे, आत शिशाची छोटी बंद बॅटरी असलेले होते. अशी बॅटरी रिकामी होऊन काही महिने तशीच पडली की तिच्या पट्ट्यांवर कठीण क्षार बसतात आणि मग ती पुन्हा भारित होत नाही. हे कंदील आमच्या लोकांच्या माळ्यावर दोन-दोन वर्षे पडून होते. म्हणजे टेम्पोत चढले तेव्हाच ते मेलेले होते; हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आम्ही प्रेते पाठवली. चालू असलेला एकमेव कंदीलही आमचा नव्हताच. त्याची बॅटरी सिस्टरांनी आठवडी बाजारातून विकत आणून बसवली होती.

संगणकांचा हिशेब तर शाळकरी मुलीलाही मांडता येईल असा आहे. जुन्या घडणीचा संगणक पडद्यासकट साधारण दीडशे वॅट वीज खातो. वसतिगृहात एक इन्व्हर्टर आणि बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची एक बॅटरी. गुणाकार केला तर अठराशे वॅट-तास होतात. परंतु शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली रोज उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाताशी खरे नऊशेच. अभ्यासिकेतील दहा नळ्यांना शंभर वॅट लागतात. तेवढ्यावर त्या आठ तास सहज जळतात. दोन संगणक लावले की तेच दिवे दोन तासांत मालवणार. आम्ही चौदा संगणक पाठवले होते. चौदाही एकदम लावले असते तर इन्व्हर्टरनेच हात वर केले असते. सिस्टरांनी संगणक झाकून ठेवले आणि दिवे चालू ठेवले. त्यांच्या जागी कोणत्याही शहाण्या गृहिणीने हेच केले असते.

मग लाइनवर चालवा, असे कोणी म्हणेल. तारेवरच्या विजेला त्या भागात लाइन म्हणतात. "लाइन आहे जी, पण येते जाते," असे त्या तरुणाने सांगितले. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की दोनशेतीसच्या जागी दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट उरतात, आणि मध्यरात्री एकाएकी दाब चढतो. पावसाळ्यात झाड तारेवर पडले की दोन-चार दिवस काहीच नसते. गावाला वीज पोहोचली, हे वाक्य सरकारी दप्तरात कसे लिहिले जाते तेही माहीत असावे: २००४ पासूनच्या व्याख्येप्रमाणे तारा, रोहित्र आणि शाळा-पंचायतीसारखी सार्वजनिक ठिकाणे जोडली गेली, आणि शेकडा दहा घरांत वीज आली, की गाव विद्युतीकृत मोजले जात असे. २०१८ च्या एप्रिलमध्ये देशातील शेवटचे गाव उजळल्याची घोषणा झाली ती याच मोजपट्टीने. पुढे सौभाग्य योजनेत घराघराला जोडणी देण्याचा मोठा प्रयत्न झाला, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु खांबावर तार असणे आणि तारेत वीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संगणकाला दुसरी लागते.

उन्हाळ्याचे काय सांगावे! चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांत गणले जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असणे तेथे नवलाचे नाही. बॅटरीचे आयुष्य कारखानदार मोजतो ते पंचवीस-सत्तावीस अंशांना, आणि त्यावर आठ-दहा अंश चढले की ते जवळजवळ निम्मे होते, हा त्या व्यवसायातील जुना ठोकताळा. आमच्याकडे पाच वर्षे चालणारी बॅटरी तेथे तीन वर्षांत थकली तर तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी घालणाऱ्या मुलीला दोष देऊ नये. आणि ते पाणी तरी आणायचे कोठून? तालुक्याहून. संपले की कूपनलिकेचे पाणी घातले जाते, त्यातील क्षार आणि लोह पट्ट्या खाऊन टाकतात. चौदा संगणकांसोबत त्या पाण्याचा एक डबा पाठवावा, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

मोबाइलचे पिंप तर पाहवत नव्हते. काहींना चार्जर नाही. ज्यांना होते त्यांची टोके चार प्रकारची. काहींवर पूर्वीच्या मालकाचे कुलूप, ज्याचा परवलीचा शब्द मालकालाही आठवणार नाही. आठ-दहा फोन तरुणाने हातात घेऊन नुसते दाखवले: बॅटरी फुगून पाठ वर आलेली. जुन्या साध्या फोनची बॅटरी नखाने निघायची, बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळायची आणि गुरे वळणारा पोरगाही ती बदलू शकायचा. आता ती गोंदाने चिकटवून टाकतात. युरोपीय संघाने २०२७ च्या फेब्रुवारीपासून अशा लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा नियम केला आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुरू केला, त्याचे संकेतस्थळही त्याच वर्षी निघाले. ते नियम भामरागडच्या बाजारात पोहोचतील तेव्हा पोहोचोत.

आता जरा नकाशा काढावा. चंद्रपूर शहराला लागून, दुर्गापूरच्या खुल्या खाणीशेजारी, राज्याचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. १९८३ पासून ते कोळसा जाळीत आहे. जुने दोन संच मोडीत काढल्यानंतर आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पाणी इरई धरणाचे, राख चंद्रपूरकरांच्या छातीत. याच चंद्रपुरातून एक वाहिनी निघते आणि ७५२ किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ पडघे येथे उतरते. १९९९ पासून ती चालू आहे. पाचशे हजार व्होल्टच्या दाबाने १,५०० मेगावॉट वाहून नेण्याची तिची शक्ती. तिची गंमत अशी की ती एकदिश प्रवाहाची आहे. साध्या तारेवर वाटेत रोहित्र बसवून गावाला वीज देता येते. हिच्यावर तसे होत नाही. दोन्ही टोकांना प्रचंड रूपांतर केंद्रे लागतात, मध्ये कोणाला काही काढून घेता येत नाही. विदर्भ, मराठवाडा, नगर-नाशिककडचा मुलूख, जे काही तिच्याखाली येते त्याच्या डोक्यावरून ती सरळ आमच्या दाराशी येते. तज्ज्ञ म्हणतील की जाळ्यात मिसळलेली वीज कोणत्या कोळशाची हे दिव्याला कळत नाही. खरे आहे. परंतु ती वाहिनी कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे बांधली गेली हे माणसाला कळायला हवे.

म्हणजे वीज तिकडून इकडे येते, आणि त्या विजेवर आम्ही चार-पाच वर्षे वापरलेले यंत्र निरुपयोगी झाले की ते इकडून तिकडे जाते. वर आम्ही त्याची पावती ठेवतो, अहवालात लिहितो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले तेव्हा आमच्या सभागृहांत त्यावर व्याख्याने झाली, भित्तिपत्रके लागली. टाकाऊपणाच्या संस्कृतीवरचा त्यातील भाग सर्वांना पाठ आहे. परंतु त्याच परिपत्रकात पुढे पर्यावरणीय ऋणाचा मुद्दा आहे: श्रीमंत प्रदेश गरीब प्रदेशांची साधने वापरतात, आपला कचरा तिकडे धाडतात, आणि हे त्यांचे देणे आहे. तेथे उत्तर आणि दक्षिण गोलार्ध असे म्हटले आहे, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. आपल्यालाही अमेरिका-युरोपने कचरा पाठवला म्हणून आपण रागावतो, मुरादाबादला रामगंगेच्या काठी सर्किटे जाळून तांबे काढणाऱ्या मुलांविषयी हळहळतो. पडघे आणि चंद्रपूर यांच्यामधील उत्तर-दक्षिण आपल्याला दिसली नाही.

एक धार्मिक आधार असा दिला जातो की विधवेच्या दोन दमड्यांचाही प्रभूने स्वीकार केला, मग जुना संगणक का नको? या युक्तिवादाने आम्हाला खरोखरच राग येतो. त्या विधवेने आपल्या उपजीविकेतून दिले; आम्ही माळा मोकळा केला. आमच्या प्रकाराला लागू पडणारा उतारा शोधायचाच तर जुन्या करारातील अखेरचा संदेष्टा मलाखी उघडावा. वेदीवर आंधळे, लंगडे, रोगट पशू आणणाऱ्यांना तो विचारतो की हेच जनावर तुमच्या अधिकाऱ्याला भेट देऊन पाहा, तो ते घेईल काय? आम्हीही तेच विचारतो. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल आपण आपल्या जावयाला देऊ काय? शेजारच्या इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापकांना काचेच्या पेटीचे सहा पडदे नेऊन दाखवा, आणि त्यांनी ते कोणत्या शब्दांत परत केले ते आम्हाला कळवा.

जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकीय उपकरणांच्या दानाविषयी मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. त्यांतील एक तत्त्व हेच आहे की दर्जाबाबत दोन मापे नसावीत. देणाऱ्याच्या देशात जे चालणार नाही ते घेणाऱ्याच्या देशात पाठवू नये. त्याच संघटनेच्या कागदपत्रांत नमूद आहे की काही देशांत दान आलेल्या उपकरणांपैकी शेकडा दहा ते तीसच प्रत्यक्ष चालू होतात. क्ष-किरण यंत्राची ही कथा, तर आमच्या टेम्पोची वेगळी का असावी?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे. जो हा आक्षेप घेतो त्याने ती खोली पाहिलेली नाही. काहीतरी आले की त्याला जागा लागते, राखण लागते, त्याचे आभारपत्र लिहावे लागते. दुरुस्तीच्या आशेने दोनदा तालुक्याला न्यावे लागते आणि दोन्ही वेळा बसभाडे जाते. शिवाय त्या वसतिगृहाच्या नावापुढे 'संगणक मिळाले' अशी नोंद होते. मग पुढे खरोखर कोणी नवे द्यायला निघाला तर त्याला सांगितले जाते, त्यांच्याकडे चौदा आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो पर्यावरणाची खरी कळकळ असलेले तरुण घेतात. पुनर्वापर चांगला नव्हे काय? चालू यंत्र मोडीत काढण्यापेक्षा दुसऱ्याने वापरावे हे योग्यच नव्हे काय? योग्यच आहे. एका संगणकाच्या आयुष्यात होणाऱ्या एकंदर हानीपैकी मोठा भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून तो जितका अधिक चालेल तितका चांगला. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील शेकडा बावीसच नोंदणीकृत मार्गाने गोळा झाला, असे २०२४ चा जागतिक अहवाल सांगतो. पुनर्वापराच्या बाजूने याहून मोठा पुरावा नको. परंतु पुनर्वापर म्हणजे पुन्हा वापर. पाठवण्यापूर्वी उघडून साफ केलेले, नवी बॅटरी घातलेले, तेथल्या विजेवर आठ दिवस चालवून पाहिलेले यंत्र दिले तर तो पुनर्वापर होय. नुसती जागा बदलली तर कचरा तोच राहतो, पत्ता बदलतो. आणि हा नवा पत्ता असा, की जेथून अधिकृत पुनर्चक्रण करणारा शेकडो किलोमीटर दूर. गडचिरोली जिल्ह्याला आजवर रेल्वेचे म्हणण्याजोगे स्थानक एकच, उत्तर टोकाचे वडसा. भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुरात कितीदा तुटला याची गणती नाही. तेथे मेलेल्या शिशाच्या बॅटरीला भंगारवाला किलोने भाव देतो, तिचे आम्ल नाल्यात ओततो आणि शिसे उघड्यावर वितळवतो. लिथियमच्या छोट्या बॅटरीला तोही विचारत नाही. ती चुलीत जाते किंवा बोडीत. ज्या बोडीत पुढे मासे धरतात.

आता कोणी असे समजू नये की जंगलात यंत्र टिकतच नाही. त्याच भामरागड-एटापल्लीत सरकार एक इलेक्ट्रॉनिक यंत्र नेते आणि ते व्यवस्थित चालते. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि मतदानयंत्रे हेलिकॉप्टरने पोहोचवली गेली. त्या यंत्रावरून राजकारणात जो वाद चालतो त्यात आम्हाला येथे शिरायचे नाही. आम्ही त्याच्याकडे केवळ एक उपकरण म्हणून पाहत आहोत. बंगळूर आणि हैदराबाद येथील दोन सरकारी कारखाने ते बनवतात. ते साध्या बॅटरीसंचावर चालते, कारण ज्या गावात वीज नाही तेथेही ते चालले पाहिजे हे रचना करतानाच गृहीत धरले गेले. त्याचे आयुष्य पंधरा वर्षे धरले जाते. प्रत्येक निवडणुकीपूर्वी कारखान्याचे अभियंते जिल्ह्यात येऊन एकेक यंत्र तपासतात. ते कोठे आहे याची नोंद असते, आणि काम संपले की ते परत येते. रचना, वीज, तपासणी, परतीची वाट: चारही गोष्टी कोणीतरी आधी ठरवलेल्या आहेत. मत घेण्यासाठी हे करता येते, तर मुलीला वाचायला दिवा देण्यासाठी का करता येऊ नये? हा प्रश्न सरकारला आहेच, कारण सरकारी योजनेतील सौरदिव्यांचे मुके खांबही आम्ही त्या दौऱ्यात एका टोल्यावर पाहिले. सौरपट्टी शाबूत, बॅटरीची पेटी रिकामी. परंतु सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारावे.

आमच्या आधीच्या पिढीला हे शहाणपण न शिकवता येत होते. चांदा मिशन १९६२ साली केरळच्या कार्मेल संघाच्या मिशनऱ्यांकडे सोपवले गेले आणि १९७७ साली बल्लारपूर येथे पीठ असलेला धर्मप्रांत झाला, त्या काळातील जुनी माणसे आम्हाला भेटली आहेत. त्यांच्याजवळ कंदील होता. काच फुटली तर काच, वात जळली तर वात, आणि रॉकेल संपले तर रॉकेल. तिन्ही वस्तू आठवडी बाजारात मिळत. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कित्येक वर्षे विजेविना रुग्ण तपासले. त्या हलाखीचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. कंदिलाच्या धुराने किती डोळे गेले तेही माहीत आहे. सांगायचे इतकेच की कंदील दुरुस्त करण्यासाठी नागपूरला जावे लागत नसे.

नव्या काळातही हे साधलेले लोक आहेत. राजस्थानात तिलोनिया येथे बंकर रॉय यांच्या संस्थेने निरक्षर आजीबाईंना सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवली. खुणा आणि रंग यांच्या भाषेत. मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा उपक्रम हाती घेतला, त्यात महाराष्ट्रातील आदिवासी तालुकेही होते. दिवे गावांच्या जवळच जोडले गेले, जोडणारे हात स्थानिक स्त्री-पुरुषांचे, दुरुस्तीही त्यांचीच. विद्यार्थ्याकडून थोडी का होईना, किंमत घेतली गेली. फुकट आलेल्या वस्तूबद्दल तक्रार करण्याचा अधिकार माणसाला वाटत नाही. दहा रुपये मोजलेल्या वस्तूबद्दल वाटतो. सिस्टरांनी दोन वर्षे आम्हाला एका शब्दाने कळवले नाही, त्याचे कारण हेच असावे.

हे सारे आता लिहिण्याचे एक निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित मदत थांबली. कचेऱ्यांतून, शाळांतून, बँकांतून अजून चांगले चालणारे संगणक निवृत्त होऊ लागले आहेत, आणि ते सारे कोठेतरी जाणार. त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घातली तर ते आणखी पाच वर्षे मराठीत सुखाने चालतील. परंतु तेवढे कष्ट घेणारा माणूस हवा. नसेल तर येत्या आगमनकाळात आमच्या पडव्या कधी नव्हत्या इतक्या भरतील. म्हणून धर्मग्राम समित्यांना आमची विनंती, खरे तर मागणी, आहे की ही सूचना यंदा वाचू नये. त्याऐवजी एका वसतिगृहाला पत्र लिहून विचारावे की तुमच्याकडे वीज किती तास असते, बॅटरी केवढी आहे, जवळचा दुरुस्ती करणारा कोण, आणि तुम्हाला मुळात काय हवे आहे. वस्तू द्यायचीच तर मोजकी द्यावी, सुरू करून द्यावी, तिच्या दुसऱ्या बॅटरीचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत, आणि ती मेल्यावर परत आणण्याची हमी लिहून द्यावी. दहा कुमारींच्या दाखल्यातील शहाण्या पाच जणींनी दिव्यासोबत तेलाची कुपी घेतली होती. आम्ही दिवे देतो ते कुपीविना, आणि तेही दुसऱ्याच्या हाती.

आम्ही सिस्टरांना निघताना हाच प्रश्न विचारला, दोन वर्षे उशिरा. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिले: दीडशे अँपिअर-तासांची एक नवी बॅटरी, ऊर्ध्वपातित पाण्याचे पाच डबे, आणि दहावी झालेल्या एका माडिया मुलीला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकण्यासाठी तालुक्याच्या गावी राहण्याचा खर्च. बॅटरी तेव्हा पंधरा हजारांच्या घरात मिळत होती. २०२१ साली टेम्पोच्या भाड्यालाच आम्ही अशा दोन बॅटऱ्यांहून अधिक रक्कम मोजली होती.

पान आम्ही आमच्या मदत समितीपुढे ठेवले. बॅटरी आणि पाणी लगेच मंजूर झाले. मुलीच्या खर्चावर दोन बैठका गेल्या, कारण त्याचा फोटो काढता येत नाही. असे कोणी बोलून दाखवले नाही, परंतु आम्ही इतकी वर्षे समितीत आहोत. तोही मंजूर झाला. अडचण आली ती त्या खोलीतील सामान परत आणण्याच्या भाड्याची. 'मिशनला मदत' या खात्यात ते बसेना, कारण मिशनला काही जात नव्हते, तेथून येत होते. परतीच्या सामानाचे खाते आमच्या हिशेबवहीत कधी नव्हतेच. अखेर खजिनदारांनी तो खर्च 'सभागृह स्वच्छता' या सदरात घातला, आणि त्या नोंदीइतकी खरी नोंद त्या वहीत दुसरी नसेल. २०२४ च्या फेब्रुवारीत सामान आले, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राने वजन करून घेतले. तीनशे किलोंच्या आसपास भरले. दोन लॅपटॉप आणि तो एक कंदील सिस्टरांनी ठेवून घेतला. कोठीशेजारच्या खोलीत आता धान आहे.